चिरडण्याच्या इजा : ओळख, प्रथमोपचार आणि दक्षता



प्रस्तुत लेखकाचे बालपण मुलुंडला गेले. त्या काळी लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना कारखाने होते आणि आमच्या चाळीतील बहुतेक कर्ती माणसे त्यांत पाळीने कामाला जात. त्यांतील एका शेजाऱ्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे प्रेस मशीनमध्ये गेली होती. सुट्टीत आम्ही जुन्नर तालुक्यातील आमच्या गावी जात असू. तेथेही तसाच हात पाहावयास मिळे. फरक इतकाच की तो कडबाकुट्टीत गेलेला असे. कारखान्यातील यंत्रावर निदान धोक्याची पाटी तरी लावलेली असते. आपल्या गोठ्यातील, खळ्यातील आणि बांधावरील यंत्रावर तीही नसते.

तरीही हा लेख लिहिण्याचे कारण तुटलेली बोटे नाहीत. बोट तुटले की रक्त दिसते, रक्त दिसले की आपण धावपळ करतो आणि माणसाला दवाखान्यात नेतो. खरा धोका रक्त न दिसणाऱ्या इजेत असतो. सुमारे बारा वर्षांपूर्वी आमच्या भावकीतील एका गृहस्थांचा ट्रॅक्टर बांधावरून कलंडला. त्यांची मांडी मडगार्डखाली दाबली गेली. दुसरा ट्रॅक्टर व साखळदंड मिळेपर्यंत साडेतीन तास गेले. बाहेर काढल्यावर ते शुद्धीवर होते आणि नीट बोलत होते. मांडीवर मोठी जखम नव्हती, हाड मोडलेले नव्हते. सर्वांनी देवाचे आभार मानले. त्यांना तहान फार लागली होती, म्हणून मीच जाऊन दोन शहाळी आणली. दुखणे थांबावे म्हणून गावातच वेदनाशामक सुई देण्यात आली आणि रात्री ते घरीच झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कोऱ्या चहासारखी काळपट लघवी झाली आणि नंतर ती बंदच झाली. मांडी दगडासारखी कठीण झाली होती. माळशेज घाट उतरून त्यांना मुंबईस आणले. घरची मंडळी आमच्याकडे मुलुंडला उतरली. तीन आठवडे कृत्रिम मूत्रपिंडाच्या यंत्राचा आधार घ्यावा लागला. ते वाचले, परंतु पाऊल कायमचे लुळे पडले आणि घरची बैलजोडी विकावी लागली.

मी त्या वेळी कृषि पदव्युत्तर वर्गात शिकत होतो. पालाश हे अन्नद्रव्य पेशीत काय काम करते, यावर मी पाने लिहून काढू शकलो असतो. पण चिरडलेल्या मांडीतून तोच पालाश रक्तात उतरत आहे आणि मी शहाळ्यातून त्यात आणखी भर घालीत आहे, हे मला ठाऊक नव्हते. आपणांपैकी कोणावर अशी वेळ आल्यास ही माहिती हाताशी असावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चिरडण्याची इजा म्हणजे काय?

शरीराचा एखादा भाग दोन कठीण वस्तूंमध्ये किंवा मोठ्या वजनाखाली दाबला गेल्यास जी इजा होते तिला चिरडण्याची इजा म्हणतात. तिचे ढोबळमानाने चार प्रकार समजून घ्यावेत.

१) थोड्या वेळाची तीव्र इजा : उसाचा चरक, कडबाकुट्टी, मळणी यंत्र, पंपाचा पट्टा किंवा ट्रॉलीचा हूक यांत हात अथवा बोटे सापडणे. यात कातडी फाटते, हाडे मोडतात व रक्तस्राव होतो.

२) दीर्घकाळ दाबले जाणे : उलटलेला ट्रॅक्टर, कोसळलेली भिंत, विहिरीची ढासळलेली दरड किंवा पोत्यांची थप्पी यांखाली मांडी, पोटरी, दंड यांसारखा मांसल भाग तासन् तास अडकणे. बाहेरून जखम नाममात्र असते. हानी आतील स्नायूंची होते व ती पुढे सर्व शरीरात पसरते.

३) छाती दाबली जाणे : यात हाड मोडण्यापूर्वीच श्वास कोंडून मृत्यू येऊ शकतो. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. अशा गर्दीत माणूस मुख्यतः दबून गुदमरतो, कारण छाती फुलण्यास जागाच उरत नाही. विहिरीत छातीपर्यंत मातीत गाडला गेलेला मजूर याच कारणाने दगावतो. त्याचे तोंड मोकळे असूनही त्याला श्वास घेता येत नाही.

४) गुंडाळले जाऊन कातडी सोलली जाणे : ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. शाफ्टमध्ये साडीचा पदर, धोतराचा सोगा, उपरणे किंवा ओढणी अडकून ही इजा होते. हा शाफ्ट साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेतो. शाफ्टची जाडी ५ सेंटिमीटर धरली तरी तो एका सेकंदात सुमारे १ मीटर ४० सेंटिमीटर कापड ओढून घेतो. तेवढ्या वेळात हात मागे घेणे कोणालाही शक्य नाही.

शरीरात नेमके काय घडते?

हा भाग शेतकऱ्यांना समजण्यास कठीण नाही, कारण त्यातील दोन्ही गोष्टी आपल्या रोजच्या परिचयाच्या आहेत.

पहिली गोष्ट पालाशाची. म्युरेट ऑफ पोटॅश या खतातून आपण पिकाला जो पालाश देतो, तोच मूलद्रव्य माणसाच्या शरीरातही असतो. पिकाप्रमाणेच माणसातही त्याची जागा पेशीच्या आत असते. शरीरातील सुमारे ९८ टक्के पालाश पेशींच्या आत असून त्यातील बराचसा स्नायूंमध्ये असतो. रक्तात तो अत्यल्प प्रमाणात असतो आणि हृदयाचे ठोके नियमित पडण्यासाठी तो तितकाच असावा लागतो. स्नायू तासन् तास दाबला गेला की त्याच्या पेशींची आवरणे फाटतात. जोपर्यंत वजन वर आहे तोपर्यंत त्या भागातील रक्ताभिसरण जवळजवळ बंद असते, म्हणून आतील द्रव्ये तेथेच साचून राहतात. वजन उचलताच रक्त पुन्हा वाहू लागते आणि साचलेला पालाश व आम्ले एकदम हृदयाकडे जातात. बांध फोडल्यावर तुंबलेले पाणी खालच्या वाफ्यात घुसावे, तसाच हा प्रकार होय. रक्तातील पालाश अचानक वाढल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात व हृदय बंदही पडू शकते. वजनाखाली असताना बोलणारा माणूस बाहेर काढल्यावर थोड्याच वेळात दगावतो, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

दुसरी गोष्ट गाळणीची. स्नायूंमध्ये मायोग्लोबिन नावाचे तांबडे प्रथिन असते. ते रक्तात आले की मूत्रपिंडाकडे जाते. मूत्रपिंड म्हणजे शरीराची गाळणीच. ठिबक संचाच्या फिल्टरमध्ये गाळ बसला आणि पाण्याचा दाब कमी पडला तर फिल्टर चोंदतो. तसेच येथे घडते. त्यातच चिरडलेला स्नायू स्पंजासारखा फुगून शरीरातील कित्येक लिटर पाणी स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे मूत्रपिंडाकडे जाणारे पाणी कमी होते. थोडे पाणी, पुष्कळ गाळ आणि आम्लधर्मी मूत्र असा योग जुळून आला की मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका बंद पडतात. लघवी प्रथम काळपट तांबडी होते, मग कमी होते व शेवटी बंद होते. ठिबकचा फिल्टर आपण भरपूर पाणी सोडून वेळीच धुऊन काढतो. या आजाराच्या उपचाराचे मूळ तत्त्वही तेच आहे : लवकरात लवकर, शिरेतून, भरपूर सलाईन.

साधारणपणे चार तासांहून अधिक काळ मांसल भाग दाबला गेल्यास हा धोका फार वाढतो. दबलेला भाग मोठा असेल, उदाहरणार्थ दोन्ही मांड्या, तर एका तासातही तो उद्भवू शकतो. दबलेला भाग जितका मोठा आणि वेळ जितका अधिक, तितका धोका अधिक, हे सूत्र लक्षात ठेवावे.

हे ज्ञान कसे मिळाले?

जपानमधील डॉक्टर सेइगो मिनामी यांनी १९२३ साली पहिल्या महायुद्धात गाडल्या गेलेल्या सैनिकांच्या मूत्रपिंडांतील बिघाडाचा संबंध चिरडलेल्या स्नायूंशी जोडला होता. परंतु त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबहल्ले झाले. ढिगाऱ्याखालून काढलेले काही लोक प्रथम बरे वाटत, पण काही दिवसांत लघवी बंद होऊन मरण पावत. बायवॉटर्स व बील या डॉक्टरांनी १९४१ साली अशा चार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि जगाला या आजाराची ओळख झाली. १९८८ च्या आर्मेनियातील भूकंपात एकाच वेळी शेकडो लोकांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्यानंतर आपत्तीच्या ठिकाणी मूत्रपिंडतज्ज्ञ व यंत्रे पाठविण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली.

महाराष्ट्राने हे दुःख फार जवळून पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाची रात्र सरताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. तेथील घरे जाड दगडी भिंतींची, मातीच्या गाऱ्यात बांधलेली आणि वर मातीचा जाड थर असलेल्या माळवदाची होती. उन्हाळ्यात थंडावा देणारे तेच माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी डोंगरकडा खचून गाडले गेले. रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली.

शहरही याला अपवाद नाही. मुलुंडपासून जवळच असलेल्या घाटकोपरमध्ये २५ जुलै २०१७ रोजी सकाळी एक चार मजली इमारत कोसळून १७ जण मृत्यू पावले. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या एका गृहस्थांना बारा तासांहून अधिक काळानंतर जिवंत बाहेर काढण्यात आले. शहरात अशा वेळी अग्निशमन दल, आपत्ती प्रतिसाद दल आणि डॉक्टर थोड्या वेळात पोहोचतात. आपल्या शिवारात मात्र पहिला तास, कधी पहिले तीन तास, शेजारचा शेतकरी हाच अग्निशमन दल आणि तोच डॉक्टर असतो. म्हणून पुढील माहिती काळजीपूर्वक वाचावी.

माणूस वजनाखाली सापडल्यास काय करावे?

१) प्रथम स्वतःची व इतरांची सुरक्षितता पाहावी. ट्रॅक्टरचे इंजिन बंद करावे. डिझेल सांडले असल्यास विडी, काडी जवळ येऊ देऊ नये. कलंडलेला ट्रॅक्टर आणखी घसरू नये म्हणून चाकांना व सांगाड्याला दगड किंवा लाकडी ओंडके लावावेत. ढासळलेल्या विहिरीत घाईने उतरू नये. दुसरी दरड आली तर एकाचे दोन होतात.

२) एकाने ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. “माणूस दबला आहे, अमुक वाजल्यापासून दबला आहे” हे शब्द स्पष्ट सांगावेत. डॉक्टर व सलाईन जागेवर लागेल हेही सांगावे. मुख्य रस्त्यावर एक माणूस उभा करावा, म्हणजे गाडी शिवार शोधीत फिरणार नाही.

३) घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी. माणूस केव्हा दबला आणि केव्हा सुटला, या दोन वेळा डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोलाच्या असतात. कागद नसेल तर हातावर लिहाव्यात.

४) डोके, मान, छाती किंवा पोट यांवर वजन असेल तर वाट पाहू नये. श्वास कोंडत असताना पालाशाचा विचार करावयाचा नसतो. शक्य तितक्या लवकर वजन हटवावे.

५) हात किंवा पाय नुकताच दबला असेल आणि सुरक्षितपणे सोडविता येत असेल तर लगेच सोडवावा. जितका वेळ कमी तितकी हानी कमी.

६) हातपाय बराच वेळ, म्हणजे एक तास किंवा त्याहून अधिक दबलेला असेल, माणूस शुद्धीवर असेल, इतर धोका नसेल आणि मदत येण्याच्या मार्गावर असेल, तर १०८ वरील डॉक्टरांचा सल्ला घेऊनच वजन उचलावे. वजन उचलण्यापूर्वी मोकळ्या हाताला सलाईन सुरू झालेले असणे ही सर्वांत हिताची गोष्ट आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर जागेवर येऊ शकत असल्यास त्यांना सन्मानाने घेऊन यावे. मात्र आग, वाढते पाणी किंवा पुन्हा कोसळण्याची भीती असेल, अथवा मदत येण्याची शक्यताच नसेल, तर माणसाला सोडवावे व विलंब न करता रुग्णालयात न्यावे.

७) रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके ठेवून हाताने घट्ट दाबून धरावे. दाबूनही न थांबणारा, जिवावर बेतणारा रक्तस्राव असेल तरच जखमेच्या वरच्या बाजूस रुंद पट्टी आवळावी व आवळल्याची वेळ लिहावी. सुतळी किंवा तार कधीही वापरू नये.

८) माणसाशी बोलत राहावे. अंगावर घोंगडी किंवा पोते टाकून ऊब द्यावी. उन्हात असेल तर सावली करावी. धीराचा शब्द हाही प्रथमोपचारच आहे.

काय करू नये?

१) शहाळ्याचे पाणी, केळी किंवा फळांचा रस देऊ नये. या सर्वांत पालाश भरपूर असतो. इतर आजारांत उत्तम असलेले शहाळे येथे अपायकारक ठरते.

२) बेशुद्ध, उलट्या होणाऱ्या किंवा पोटाला मार लागलेल्या माणसाला तोंडाने काहीही देऊ नये. माणूस पूर्ण शुद्धीवर असेल, पोटाला इजा नसेल आणि सलाईन मिळण्यास उशीर असेल, तर डॉक्टरांना विचारून पाण्यात चिमूटभर मीठ व साखर घालून घोट घोट पाजावे. बाजारातील जलसंजीवनीच्या पुडीत पालाशयुक्त क्षार असतो, हे ध्यानात ठेवावे.

३) दबलेला भाग चोळू नये, तेल लावून मालिश करू नये, शेक देऊ नये.

४) हळद, चुना, कॉफीची पूड, शेण किंवा माती जखमेत भरू नये. अशी जखम धनुर्वातास निमंत्रण देते आणि शल्यवैद्याला ती साफ करणे अवघड जाते.

५) हाडवैद्याकडे नेऊन बांबूच्या कामट्या करकचून बांधू नयेत. सूज वाढत असताना बाहेरून आवळणे म्हणजे आतील रक्तवाहिन्या स्वतःच्या हाताने बंद करणे होय.

६) डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. संकटात सापडलेल्या मूत्रपिंडावर ती अधिक भार टाकतात. दुखणे कमी करण्याची इतर औषधे डॉक्टरांजवळ असतात.

७) “चालतो-बोलतो आहे, काही झाले नाही” असे म्हणून घरी नेऊ नये. आमच्या घरी हीच चूक झाली. एक तासापेक्षा अधिक वेळ दबलेला प्रत्येक माणूस, जखम असो वा नसो, रुग्णालयात गेलाच पाहिजे.

धोक्याची लक्षणे

सुटका झाल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस पुढील लक्षणांवर बारकाईने लक्ष ठेवावे :

- लघवी कोऱ्या चहासारखी, कोकमाच्या सरबतासारखी किंवा काळपट होणे. अथवा सहा-आठ तासांत अजिबात न होणे.
- हातपाय सुजून ताठ, चकचकीत व लाकडासारखा कठीण होणे.
- इजेच्या मानाने फारच अधिक वेदना होणे. दुसऱ्याने बोटे हळूच ताणली असता माणसाने ओरडणे.
- मुंग्या येणे, बधिरता, बोटे न हलणे, कातडी पांढरी व थंड पडणे.
- छातीत धडधड, अतिशय अशक्तपणा, मळमळ, ग्लानी.

यांतील दुसरे, तिसरे व चौथे लक्षण एका विशिष्ट अवस्थेकडे बोट दाखवितात. आपले स्नायू चिवट पडद्यांच्या कप्प्यांत बसविलेले असतात. हा पडदा ताणला जात नाही. आत सूज वाढली की कप्प्यातील दाब वाढतो आणि रक्तपुरवठा बंद पडतो. ही स्थिती सुमारे सहा तास टिकली तर स्नायू व मज्जातंतू कायमचे निकामी होऊ शकतात. मनगटाची किंवा पावलाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये. नाडी सर्वांत शेवटी जाते. बांधलेली पट्टी वा प्लास्टर घट्ट वाटत असल्यास त्याच क्षणी डॉक्टरांना दाखवावे. तोवर सुजलेला भाग हृदयाच्या पातळीत ठेवावा. उशांवर फार उंच टांगल्यास रक्तपुरवठा आणखी घटतो.

बोट किंवा हात तुटल्यास

तुटलेला भाग शोधून बरोबर न्यावा. तो स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावा, ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळावा व प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बांधावे. ही पिशवी बर्फ व पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवावी. तुटलेला भाग थेट बर्फावर ठेवू नये, तसेच दुधात किंवा औषधात बुडवू नये. बर्फामुळे तो गोठला तर जोडण्यास निरुपयोगी ठरतो. मांसल भाग, उदाहरणार्थ मनगटावरील हात, उघडा राहिल्यास सुमारे सहा तासांतच निकामी होऊ लागतो. बोट थंड ठेवल्यास अधिक तग धरते. चरकात पिळून निघालेले बोट पुष्कळदा जोडता येत नाही, तथापि तो निर्णय शल्यवैद्यांनी घ्यावयाचा आहे, आपण नव्हे.

हात यंत्रात अडकलेला असेल तर यंत्र बंद करावे, विजेचा मेन स्विच काढावा आणि रोलर उलट फिरविण्याची घाई करू नये. उलट फिरविल्याने हात दुसऱ्यांदा चिरडला जातो. शक्य तर नट-बोल्ट सैल करून रोलर दूर करावेत. म्हणून चरकाजवळ व मळणी यंत्राजवळ पान्यांचा संच नेहमी असावा.

रुग्णालयात कोणते उपचार होतात?

उपचार ठाऊक असल्यास नातेवाइकांचा धीर टिकतो आणि संमती देण्यात वेळ जात नाही. मोठ्या माणसास प्रारंभी तासाला सुमारे एक लिटर या प्रमाणात साधे मिठाचे सलाईन देतात. पुढे लघवीच्या प्रमाणानुसार ते कमी-अधिक करतात. रिंगर लॅक्टेट या सलाईनमध्ये पालाश असल्याने ते टाळतात. लघवीसाठी नळी घालून दर तासाची लघवी मोजतात. हृदयाचा आलेख काढतात, रक्तातील पालाश वारंवार तपासतात व तो खाली आणणारी औषधे देतात. धनुर्वाताची लस व प्रतिजैविके देतात. कप्प्यातील दाब वाढला असल्यास कातडी व पडदा उभा चिरून तो मोकळा करावा लागतो. ही चीर पाहून घाबरू नये, ती पाय वाचविण्यासाठी असते. मूत्रपिंड थांबल्यास डायलिसिस करावे लागते. येथे एक दिलासा आहे. इतर अनेक आजारांत मूत्रपिंड कायमचे जाते. यात मात्र रुग्ण वेळेवर पोहोचल्यास काही आठवड्यांत ते बहुधा पुन्हा काम करू लागते. म्हणून डायलिसिसचे नाव ऐकून रुग्णाला घरी परत नेऊ नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालय कोणते व तेथे डायलिसिसची सोय आहे काय, हे संकट येण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

अपघात टाळण्यासाठी दक्षता

ट्रॅक्टर : बांधाच्या व चारीच्या कडेपासून अंतर ठेवावे, चारी जितकी खोल, निदान तितके अंतर सोडावे. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडलेली असावीत. ओढावयाचे वजन नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावे. उंचावर जोडल्यास ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन एक-दोन सेकंदांत मागे उलटतो. नवीन ट्रॅक्टर घेताना संरक्षक सांगाडा व सीट बेल्ट असलेला घ्यावा. मडगार्डवर मुलांना बसवू नये.

पी.टी.ओ. शाफ्ट : यावरील आवरण काढून ठेवू नये. फिरत्या शाफ्टवरून पाय टाकून जाऊ नये. सैल कपडे, मफलर व मोकळे केस बांधून घ्यावेत.

मळणी यंत्र : धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम, १९८३ हा कायदा मळणी यंत्रांना लागू आहे. पेंढी लोटण्याची परात किमान ९० सेंटिमीटर लांब व तिचा यंत्राकडील ४५ सेंटिमीटर भाग झाकलेला असावा. ही मापे हाताच्या लांबीवरून ठरविलेली आहेत. हात दात्यापर्यंत पोहोचूच नये हा त्यामागील विचार आहे. भराभर काम होते म्हणून परात कापून आखूड करणारे लोक आढळतात, हे अत्यंत चुकीचे आहे. रात्रपाळीची मळणी, झोपेची गुंगी व मद्य या तिन्ही गोष्टी खळ्यापासून दूर ठेवाव्यात.

कडबाकुट्टी व चरक : हाताला सहज लागेल असे स्विच बसवावे. अडकलेला चारा किंवा ऊस काढताना यंत्र बंद करावे. हातात कडे, अंगठी किंवा सैल बांगड्या असू नयेत. गोठ्यातील यंत्राला काम संपताच कुलूप लावावे, कारण लहान मुले मोठ्यांचे पाहून चारा घालू लागतात.

विहीर व भिंत : पावसाळ्यात नव्या विहिरीचे काम थांबवावे. काढलेली माती व दगड विहिरीच्या काठावर रचू नयेत. फुगलेली, भेगा पडलेली मातीची भिंत पाडून टाकावी. तिच्या आडोशाला माणसे वा जनावरे झोपवू नयेत.

शासनाचे साहाय्य

राज्यात २०२३ पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना सुरू आहे. तीनुसार अपघाती मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव अथवा दोन डोळे निकामी झाल्यास २ लाख रुपये, तर एक अवयव किंवा एक डोळा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. १० ते ७५ वर्षे वयाचे खातेदार शेतकरी आणि त्यांच्या कुटुंबातील एक सदस्य यासाठी पात्र आहेत. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करावयाचा असून, पोलिसांकडील नोंद व रुग्णालयाची कागदपत्रे जपून ठेवावीत. अर्जास उशीर करू नये.

शेवटी

बंधूंनो, आमच्या भावकीतील ते गृहस्थ आजही शेती करतात. चालताना पाऊल ओढतात. त्यांच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आता पांढऱ्या रंगात १०८ हा आकडा रंगविलेला आहे आणि खाली लहान अक्षरांत “वेळ लिहा” असे लिहिले आहे. शहाळ्याची गोष्ट ते अजून हसत सांगतात. मला मात्र ती ऐकून हसू येत नाही. आपणही आपल्या ट्रॅक्टरवर, मळणी यंत्रावर व गोठ्याच्या दारावर हे तीन अंक रंगवून घ्यावेत. हा अंक वाचून झाल्यावर घरातील मंडळींना, सालगड्यांना व शेजाऱ्यांना वाचून दाखवावा. कारण आपण वजनाखाली असू तेव्हा हे ज्ञान आपल्याला नव्हे, तर आपल्या शेजाऱ्याला असावे लागते.